वाचकांचे प्रश्न : डोळ्याला पात लागली, तर पहिले अठरा तास

मागच्या अंकात नेपाळमधील नेत्रतज्ज्ञ डॉ. मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भक्तपूर अभ्यासाचा उल्लेख आला होता. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बुबुळाच्या ओरखड्यावर वेळेत साधं मलम लावलं, तर त्याचा व्रण (जंतुसंसर्गाने चिघळलेली जखम) होणं टळतं का, हे त्यात तपासलं होतं. त्यावर सुगीच्या तोंडावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत.

भक्तपूरला नेमकं काय केलं? औषध कोणतं, किती वेळा? आमच्यासारख्यांना ते करता येईल का?
— आशा कार्यकर्ती, गडहिंग्लज तालुका

भक्तपूर हा काठमांडू खोऱ्यातला शेतीचा जिल्हा. तिथल्या ३४,९०२ लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ८१ प्राथमिक नेत्रसेवा कार्यकर्ते नेमले होते. डोळ्याला काहीही लागलं तर लगेच यांच्याकडे यायचं, हे गावोगाव सांगून ठेवलं होतं. कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा दिसला तर एक टक्का क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. एवढाच उपचार. २००१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये याचे निष्कर्ष छापून आले.

मलम लावून ज्यांचा पाठपुरावा झाला, असे ओरखड्याचे रुग्ण ४४२. त्यांतले ४२४ जंतुसंसर्ग न होता बरे झाले. पण खरी गोष्ट या बेरजेत नाही, ती वेळेच्या विभागणीत आहे. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत आलेले २८४ जण होते, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला, म्हणजे ३.७ टक्के. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला, म्हणजे २८.६ टक्के. सर्वांना मलम तेच, मात्राही तीच, दिसणारा फरक घरातून निघायला लागलेल्या वेळेचा.

असं का होतं? कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या सर्वांत वरच्या पेशींचा थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. पात त्या थराला चीर पाडते आणि त्याच वेळी माती, बुरशी, जंतू तिथे टेकवून जाते. वरचा थर स्वतःहून एक ते तीन दिवसांत भरून येतो. मलमाचं काम इतकंच, की हा थर मिटेपर्यंत जंतूंना आत मूळ धरू द्यायचं नाही. एकदा ते खालच्या थरात रुजले की तीन दिवसांचं मलम पुरत नाही. मग दर तासाला थेंब, आठवडे न् आठवडे, आणि शेवटी डोळ्यात पांढरं फूल.

तुमच्यापुरतं बोलायचं तर, आपल्याकडे हे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी सूचना घेतल्याशिवाय ते स्वतः देऊ नका. मात्र तुम्हाला करता येण्यासारखं सर्वांत मोलाचं काम मलमाच्या आधीचं आहे. सुगी सुरू होण्यापूर्वी घरोघर सांगा, की पात, कुसळ, काडी, खडा, काहीही लागलं आणि डोळ्यात सलत राहिलं, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात, ते वहीत लिहून ठेवा. नसतील त्या दिवशी कुठे पाठवायचं, तेही आधीच ठरवून ठेवा.

मी रुग्णवाहिकेवर काम करतो. ओरखडा आहे की आणखी काही, हे जागेवर कसं ओळखायचं? आमच्याकडे स्लिट लॅम्प (नेत्रतज्ज्ञांचं डोळा मोठा करून बघायचं यंत्र) नसतो.
— आपत्कालीन सेवेतील कर्मचारी, नाशिक

लागेल ते सगळं एका छोट्या डबीत मावतं: फ्लुओरेसीन या ओरखडा दाखवणाऱ्या रंगाच्या निर्जंतुक पट्ट्या, सलाईन, निळ्या प्रकाशाची विजेरी, भिंग आणि डोळ्यावर बसणारं कडक प्लास्टिकचं कवच. क्रम मात्र चुकवू नका.

आधी विचारा: काय लागलं, किती वाजता, किती वेगाने? चुना, आम्ल किंवा फवारणीचं औषध असेल तर पुढची तपासणी बाजूला ठेवा आणि धुवायला लागा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. इतर सर्व प्रसंगी आधी दृष्टी तपासा. एकेक डोळा झाकून, तीन मीटरवरून बोटं मोजता येतात का, हे पाहून वेळेसह लिहून ठेवा. ही नोंद पुढच्या डॉक्टरांना फार उपयोगी पडते आणि नेमकी तीच बहुतेक वेळा नसते.

मग साध्या पांढऱ्या उजेडात, पापणीवर दाब न देता, डोळा बघा. बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढली जाऊन थेंबासारखी झाली आहे का? जखमेतून काळपट काही डोकावतंय का? बुबुळाच्या पुढच्या भागात रक्त साचलंय का? हातोडा-छिन्नी, ग्राइंडर किंवा गवत कापायच्या यंत्रातून काही उडून लागलं होतं का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डोळा फुटलेला आहे असंच धरून चाला. मलम नाही, थेंब नाही, पट्टी नाही, घुसलेली वस्तू ओढून काढायची नाही. कडक कवच हाडाच्या कडांवर टेकेल असं चिकटवा. कवच नसेल तर कागदी पेल्याचा तळाकडचा भाग कापून वापरा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. उलटी होत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून ती थांबवा, कारण प्रत्येक उबळीसरशी डोळ्यातला दाब वाढतो आणि आतला ऐवज बाहेर येतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण द्या.

डोळा शाबूत दिसत असेल तर फ्लुओरेसीन वापरा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायला सांगा. पट्टीच्या केशरी टोकावर सलाईनचा एकच थेंब टाका, खालची पापणी ओढा, आणि ते टोक पापणीच्या आतल्या बाजूला टेकवा. ते कॉर्नियाला टेकवू नका, नाहीतर पट्टीचाच ओरखडा उठतो. दोन-तीनदा उघडझाप करायला सांगा. निळ्या उजेडात ओरखडा हिरवा चमकतो. उभ्या समांतर रेघा दिसल्या तर कण अजून वरच्या पापणीखाली अडकलेला आहे, पापणी उलटून तो ओल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या. हिरवा रंग एखाद्या बिंदूपासून ओघळताना दिसला तर आतलं पाणी झिरपतंय, म्हणजे पुन्हा वरचाच नियम: कवच आणि रुग्णालय.

रंग घालण्याआधीच साध्या उजेडात राखाडी-पांढरा डाग दिसला असेल तर तो ओरखडा उरलेला नाही, व्रण सुरू झालाय. तिथे मलम न लावता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा, म्हणजे खरवडून घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता चांगली राहते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली रुग्णाच्या हाती कधीही देऊ नका. दुखणं थांबतं म्हणून तो ते दिवसभर घालत राहतो, आणि त्याने वरचा थर भरून येण्याऐवजी झिजत जातो. दुसरं म्हणजे, पात-काडीच्या ओरखड्यावर पट्टी बांधून डोळा मिटवू नका. साध्या ओरखड्यांतही पट्टीने जखम लवकर भरत नाही, हे एकत्रित पुराव्यांतून दिसलं आहे. वनस्पतीची इजा असेल तर पट्टीखालच्या उबेत जंतूंचंच फावतं, आणि डोळा बिघडतोय हे दिसतही नाही.

२८४ पैकी शून्य, हा आकडा अविश्वसनीय वाटतो. मलम न लावलेला गट होता का? आणि नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, असं वाचलं. मग खरं काय धरायचं?
— जैवसंख्याशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

तुमची शंका योग्य आहे. भक्तपूरला मलम न लावलेला तुलनेचा गट नव्हता. उशिरा येणाऱ्यांची इजा मुळातच वेगळी असू शकते. ज्याचा डोळा आपोआप बरा झाला तो दुसऱ्या दिवशी आलाच नसेल, आणि ज्याचा बिघडत होता तोच आला असेल. त्यामुळे २८.६ टक्क्यांमधला काही भाग उशिराचा आणि काही भाग या निवडीचा आहे. शून्याबद्दल बोलायचं, तर २८४ जणांत एकही व्रण नाही म्हणजे खरं प्रमाण शून्यच असतं असं नाही. तीन भागिले २८४ या ढोबळ नियमाने ते एक टक्क्यापर्यंत असू शकतं. तरीही एक टक्का हा फार चांगला आकडा आहे.

यानंतर मदुराई भागात डॉ. एम. श्रीनिवासन यांच्या गटाने एक पायरी पुढे जाऊन पाहिलं. दक्षिण भारतात कॉर्नियाच्या व्रणांचं मोठं कारण बुरशी आहे. मदुराईत १९९४च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ४३४ रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा जंतू सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत केवळ बुरशी होती. क्लोरॅम्फेनिकॉल बुरशीला मारत नाही. म्हणून ४८,०३९ लोकवस्तीत ग्रामआरोग्य कार्यकर्त्यांनी ओरखड्याच्या निम्म्या रुग्णांना क्लोरॅम्फेनिकॉलसोबत एक टक्का क्लोट्रिमाझोल या बुरशीविरोधी औषधाचं मलम दिलं आणि निम्म्यांना क्लोरॅम्फेनिकॉलसोबत औषध नसलेलं मलम. कोणाला काय मिळालं हे देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. २००६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार ३७४ पैकी ३६८ ओरखडे काही गुंतागुंत न होता बरे झाले. औषध नसलेल्या मलमाच्या गटातल्या दोघांच्या कॉर्नियात सौम्य डाग आले, तेही नॅटामायसिन या बुरशीविरोधी औषधाने आठवड्याभरात गेले. बुरशीविरोधी औषध न मिळालेले लोकही इतके बरे का राहिले? जखम लवकर मिटली की बुरशीलाही वाट मिळत नाही, हे एक संभाव्य कारण. स्निग्ध मलमाचा थर स्वतःच आडोसा करतो, हे दुसरं. पण अँटिबायोटिक दोन्ही गटांना होतं, त्यामुळे या अभ्यासातून त्याचा स्वतःचा वाटा मोजता येत नाही.

तुम्ही म्हणता ती चाचणी नेपाळच्या तराई, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातली. २४ ग्रामविकास समित्यांच्या (गावांच्या प्रशासकीय गटांच्या) क्षेत्रांपैकी १२ चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडून तिथल्या महिला आरोग्य स्वयंसेविकांना ओरखडा ओळखायला आणि मलम द्यायला शिकवलं. उरलेल्या १२ मध्ये हे केलं नाही. तीन वर्षांनी दोन्हीकडच्या व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०२२ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने तो निष्कर्ष छापला. उत्साहावर पाणी पडावं असाच हा निकाल आहे, आणि तो झाकून ठेवणं चुकीचं ठरेल.

आम्ही तो असा वाचतो. भक्तपूर आणि मदुराईत ‘आलेल्या’ माणसाचं काय झालं, हे मोजलं. तराईत संपूर्ण गावाचं काय झालं, हे मोजलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. याची खूण भक्तपूरच्याच आकड्यांत आहे: दोन वर्षांत नोंदलेले ओरखडे ५५१, आणि नोंदलेले व्रण ५५८. एवढे कार्यकर्ते गावात असूनही बरेच व्रण अशा लोकांना झाले असणार, ज्यांचा ओरखडा कोणी पाहिलाच नव्हता. न आलेल्या माणसाला मलमाचा उपयोग नाही. म्हणून आमचं मत असं, की वेळेत मलम लावणं ही व्यक्तीसाठी स्वस्त, सुरक्षित आणि शहाणपणाची गोष्ट आहे. पण नुसतं मलम वाटून तालुक्यातलं अंधत्व कमी होईल, असा दावा आज कोणी करू नये. पुढच्या संशोधनाने मलमात काय घालायचं यापेक्षा माणूस पहिल्या दिवशी का येत नाही, हे शोधावं.

प्रश्न लहान नाही. भक्तपूरमध्ये दरवर्षी लाखामागे ७९९ व्रण आढळले. त्याआधी मदुराई जिल्ह्यात हा आकडा ११३ काढला गेला होता, आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील ऑल्मस्टेड परगण्यात ११.

ऊसतोडीत डोळ्याला पात लागली. मेडिकलमधून थेंब आणले, दोन दिवसांत लाली गेली, दुखणं कमी झालं. पण आठ दिवसांनी डोळ्यावर पांढरं आलं आणि दिसेना. थेंब बरोबर नव्हते का?
— शेतकरी, वाळवा तालुका

प्रथम हे: आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि थेंबांची बाटली सोबत न्या. पुढचा मजकूर वाटेत वाचला तरी चालेल.

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव आहे का बघा. ही सगळी स्टिरॉइड आहेत, आणि बऱ्याच थेंबांत ती अँटिबायोटिकच्या जोडीने असतात. स्टिरॉइड लाली आणि सूज उतरवतं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. पण लाली म्हणजे शरीर जंतूंशी झुंजत असल्याची खूण होती. ती झुंज थांबली की बुरशीला रान मोकळं मिळतं. बुरशीचा व्रण एरवीही संथ चालतो, त्यात आठवडा असा हातचा जातो. स्टिरॉइड थेंब काही आजारांत डोळा वाचवतात, पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी द्यायचे असतात. पात लागलेल्या डोळ्यात ते आपल्या मनाने कधीही घालू नयेत.

तिथे गेल्यावर व्रण खरवडून नमुना घेतील. घाबरू नका, डोळा बधिर करूनच ते करतात. या नमुन्याशिवाय औषध निवडणं म्हणजे अंदाजपंचे. धाग्यांची बुरशी निघाली तर पाच टक्के नॅटामायसिनचे थेंब सुरू होतील. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३२३ रुग्णांच्या चाचणीत ते व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाच्या थेंबांपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युझेरियम जातीच्या बुरशीवर. हे औषध तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी बाटली नीट हलवा, नाहीतर डोळ्यात नुसतं वरचं पाणी जातं. सुरुवातीला दर तासाला घालावं लागतं, रात्रीही. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. डॉक्टर सांगेपर्यंत थेंब बंदही करू नका.

कुसळ जिभेने काढणं, अंगावरचं दूध, एरंडेल, मध, गुलाबपाणी... यांतलं काय चालतं?
— गृहिणी, कुडाळ

काहीच नाही. तोंडात असंख्य जंतू असतात आणि जीभ ते थेट उघड्या ओरखड्यावर पोचवते. अंगावरचं दूध, मध, तेल यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा धुवा. कण निघाला तर निघाला, नाही निघाला तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने उकरू नका. पाणी मारल्यावरही सलत असेल, पाणी गळत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. डोळे आल्यावर चिपडं येतात आणि बहुतेक वेळा दोन्ही डोळे लाल होतात. पात लागलेला डोळा एकच असतो आणि त्यात कळ असते. ‘डोळे आलेत, जातील आपोआप’ या समजुतीत पहिला दिवस निघून जातो.

क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम आणि थेंब, यांत फरक काय? किती घालायचं?
— औषध दुकानातील सहायक, लातूर

थेंब काही मिनिटांत वाहून जातात, म्हणून ते दिवसातून अनेकदा घालावे लागतात. मलम बराच वेळ टिकतं, त्यामुळे तीन वेळा पुरतं, आणि शेतावर जाणाऱ्या माणसाला तेवढंच जमतं. साधारण अर्धा सेंटिमीटर मलम खालच्या पापणीच्या आत सोडायचं, नळीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला टेकवायचं नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं अंधूक दिसतं, तेवढा वेळ गाडी चालवू नये, कोयता हाती घेऊ नये. एका वेळेपुरत्या कॅप्सूल मिळतात, त्या घरच्या ट्यूबपेक्षा बऱ्या, कारण ट्यूब चारजण वापरतात. पूर्वी या औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल किंवा रक्त तयार होण्याचा काही आजार असेल, तर हे देऊ नये. आणि तपासणी न झालेल्या डोळ्यासाठी ते काउंटरवरून देऊ नका, चिठ्ठी मागा.

तीन वर्षांच्या मुलाने तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. अशा वेळी सर्वांत आधी काय करायचं? लिंबू पिळावं असं कुणी म्हणतं.
— आजोबा, जालना

लिंबू अजिबात नाही. पाणी, लगेच, जागेवरच. पाणी निर्जंतुक हवं, कोमट हवं, म्हणून थांबू नका. नळाचं, हंड्यातलं, जे हाताशी असेल ते घ्या.

मुलाला चादरीत हातांसकट गुंडाळा. डोकं लागलेल्या डोळ्याच्या बाजूला कलवा, म्हणजे चुन्याचं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. एकाने दोन्ही पापण्या फाकवून धरायच्या, दुसऱ्याने तांब्याने नाकाकडून कानाकडे संथ धार सोडायची. किमान अर्धा तास. मूल रडेल, तरी थांबू नका. रुग्णवाहिका आल्यावर सलाईनची बाटली आणि नळी लावून वाटेतही धुणं चालू ठेवावं, दोन लिटर तरी.

चुन्याची खोड अशी, की तो वरच्या पापणीखाली पिठासारखा चिकटून बसतो आणि तिथून झिरपत राहतो. वरून कितीही पाणी ओतलं तरी तो निघत नाही. म्हणून आरोग्य केंद्रात पापणी उलटून ओल्या कापसाच्या काडीने कण पुसून काढावेच लागतात. धुणं थांबवून पाच मिनिटांनी लिटमससारख्या पट्टीवर सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) सातच्या आसपास येतो का बघतात. आला नाही तर पुन्हा धुतात. आम्लापेक्षा चुना घातक, कारण तो पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत आत शिरतो. अशा पुड्यांनी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा होतात, हे दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २००६ सालीच प्रसिद्ध केलं होतं. घरात चुना झाकणाच्या डबीत आणि फळीवर ठेवा. पुडी लहान मुलाच्या हातात खेळणं म्हणून कधीही देऊ नका.

मळणी आणि ऊसतोडीला गॉगल लावायला सांगतो, पण लोक तासाभरात काढून ठेवतात. कोणता चांगला?
— शेतकरी गटाचे सचिव, बारामती

काढतात याचं कारण बहुतेक वेळा धुकं. पूर्ण बंद गॉगलमध्ये घामाची वाफ साचते. पॉलिकार्बोनेटची काच, दोन्ही कानशिलांकडे आड, आणि वर हवा खेळायला आडवळणाच्या फटी, असा घ्या. थेट भोकं असलेला नको, त्यातून भुसा आत येतो. मळणी यंत्राशी उभ्या माणसाला कडा बंद असलेलाच हवा. ऊसतोडीला बाजूंनी आड असलेला चष्म्यासारखा पुरतो, कारण तिथे धोका समोरून आणि बाजूने येणाऱ्या पातीचा असतो. ओरखडे पडून धूसर झालेली काच बदला, नाहीतर माणूस नीट दिसावं म्हणून ती काढणारच. खरेदी गटाने एकत्र करा, पण प्रत्येकाचा गॉगल वेगळा ठेवा, डोळे आल्याच्या साथीत एकाचा दुसऱ्याने घालू नये. आणि मुकादमाने, यंत्रमालकाने स्वतः घातला तर मजूर घालतात, ही बाब खरेदीइतकीच महत्त्वाची आहे.